चलाची हद्द आणि फंक्शनचे उत्तर

संगणकाला काम सांगण्याची विद्या आता आपल्या घरोघरी पोचली आहे. ट्रस्टच्या मदतीवर शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी पदविकेसाठी, कोणी पदवीसाठी हा विषय घेतात. वरच्या वर्गांत शाळेतही त्याची तोंडओळख होते. विद्यार्थी एकाखाली एक ओळी लिहीत जातो तोपर्यंत त्याला फारशी अडचण पडत नाही. परंतु फंक्शन लिहावयाची वेळ आली की दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला असा की, ‘फंक्शनच्या आत मी नाव ठेवले, ते बाहेर का दिसत नाही?’ दुसरा असा की, ‘उत्तर पडद्यावर बरोबर आले, मग बेरजेत ते का सापडत नाही?’

हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत. फंक्शनच्या आत काय जावे आणि आतून बाहेर काय यावे, याचा हा विचार आहे. ह्या स्मरणिकेच्या वाचकांत विद्यार्थी आहेत, त्यांचे पालक आहेत, आणि वर्षानुवर्षे हिशेबाच्या वह्या सांभाळणारे कार्यकर्तेही आहेत. तिघांनाही उपयोगी पडावे म्हणून उदाहरणे शैक्षणिक मदतीच्या हिशेबातूनच घेतली आहेत. त्यांतील आकडे केवळ समजुतीसाठी होत.

१. फंक्शन म्हणजे काय?

बीजगणितात आपण ‘चल’ हा शब्द शिकतो. प्रोग्राममधील चल, म्हणजे व्हेरिएबल, हे एखाद्या किमतीला दिलेले नाव होय. ‘शिल्लक = ५००००’ असे लिहिले की शिल्लक ह्या नावाला ५०००० ही किंमत मिळते. येथील बरोबरचे चिन्ह समीकरणाचे नव्हे. उजवीकडची किंमत काढून ती डावीकडच्या नावाला द्यावी, अशी ती आज्ञा आहे.

फंक्शन म्हणजे नाव दिलेले काम. ते एकदा लिहून ठेवावे आणि पाहिजे तेव्हा नावाने बोलवावे. खालील उदाहरणांत आज्ञा मराठीत लिहिल्या आहेत. वागणूक मात्र पायथन ह्या भाषेची धरली आहे. गुइडो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध केली, आणि आज शिकविण्यासाठी ती पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीतही ठेवता येतात; राखीव शब्द व आकडे मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. आपण येथे ‘डेफ’ ऐवजी ‘फंक्शन’, ‘रिटर्न’ ऐवजी ‘परत दे’ आणि ‘प्रिंट’ ऐवजी ‘छाप’ असे लिहू.

समजा, ज्याला ६० किंवा अधिक टक्के गुण आहेत त्याला फीच्या निम्मी रक्कम आणि इतरांना चौथाई रक्कम द्यावयाची आहे.

फंक्शन मदत(फी, गुण):
    जर गुण ६० किंवा अधिक:
        रक्कम = फी ÷ २
    नाहीतर:
        रक्कम = फी ÷ ४
    परत दे रक्कम

कंसातील फी आणि गुण ह्या फंक्शनच्या आत जाण्याच्या वाटा आहेत. त्यांना पॅरामीटर म्हणतात. शेवटची ओळ ही बाहेर येण्याची वाट. मदत(८०००, ७२) असे बोलावले की ४००० परत येतात; मदत(६०००, ५१) असे बोलावले की १५०० परत येतात. परत येणारी ही किंमत बोलावणाऱ्या ओळीत, फंक्शनचे नाव जेथे लिहिले असेल नेमक्या त्याच जागी येऊन बसते. म्हणून पुढील ओळ बिनचूक चालते:

एकूण = मदत(८०००, ७२) + मदत(६०००, ५१)

एकूण ह्या नावाला ५५०० ही किंमत मिळते.

२. दाखविणे आणि देणे

आता वरील फंक्शनची शेवटची ओळ बदलून ‘परत दे रक्कम’ ऐवजी ‘छाप रक्कम’ अशी केली, असे समजू. मदत(८०००, ७२) असे एकट्याने बोलावून पाहिले तर पडद्यावर ४००० दिसतात. विद्यार्थ्याला वाटते, काम झाले. परंतु वरची बेरजेची ओळ चालवली की पडद्यावर ४००० दिसतात, १५०० दिसतात, आणि लगेच प्रोग्राम चूक दाखवून थांबतो.

याचे कारण सोपे आहे. छापणे हे माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. परत देणे हे प्रोग्रामसाठी आहे. कारकुनाने रक्कम मोठ्याने वाचून दाखविली, पण चिठ्ठीवर लिहून पुढच्या टेबलावर दिली नाही, तर पुढच्या टेबलावरील बेरीज कशी व्हावी? ज्या फंक्शनने काहीच परत दिले नाही, त्याच्या नावे पायथन ‘नन’ नावाची एक विशेष किंमत परत देतो. ‘नन’ म्हणजे ‘काही नाही’. ते शून्य नव्हे. शून्य ही एक संख्या आहे, तिची बेरीज होते. दोन ‘काही नाही’ यांची बेरीज होत नाही, म्हणून पायथन थांबतो.

प्रोग्राम थांबतो ही खरे पाहता आपल्यावर कृपाच आहे. सर्व भाषा एवढ्या दयाळू नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये अशीच चूक केली तर प्रोग्राम न थांबता ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाची एक किंमत पुढे पुढे वाहत नेतो. सी भाषेत तर किंमत परत देण्याचे कबूल केलेल्या फंक्शनने ती दिली नाही आणि बोलावणाऱ्याने ती वापरली, तर काय घडावे याची भाषा कोणतीच हमी देत नाही. हाती आलेला आकडा खरा दिसतो आणि खोटा असतो.

येथे आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ‘परत दे’ ही ओळ येताच फंक्शन तेथेच संपते. तिच्याखाली त्याच वाटेवर लिहिलेल्या ओळी चालत नाहीत. दोन, फंक्शनमध्ये जितक्या वाटा आहेत तितक्या सर्व वाटांच्या शेवटी उत्तर असले पाहिजे. ‘जर’च्या वाटेवर ‘परत दे’ लिहिले आणि ‘नाहीतर’च्या वाटेवर विसरले, तर चांगल्या गुणांच्या मुलांचा हिशेब बरोबर होतो आणि बाकीच्यांच्या नावापुढे ‘काही नाही’ येते. तपासणाऱ्याने चाचणीसाठी फक्त ७२ गुणांचा अर्ज घेतला असेल तर ही चूक त्याला दिसतही नाही. म्हणून चाचणी नेहमी प्रत्येक वाटेची करावी.

३. नावाची हद्द

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. वरील फंक्शनमध्ये ‘रक्कम’ हे नाव आहे. समजा, फंक्शनच्या बाहेरही ‘रक्कम = ५००००’ अशी ओळ आहे. मदत(८०००, ७२) बोलावून झाल्यावर बाहेर ‘छाप रक्कम’ असे सांगितले तर काय छापले जाईल? उत्तर ५०००० असे आहे. आतली रक्कम वेगळी, बाहेरची रक्कम वेगळी. एका गल्लीत दोन घरांत दोन अमीना असाव्यात, तसे हे आहे. घरात हाक मारली की घरातलीच ओ देते.

ज्या भागात एखादे नाव ओळखले जाते त्या भागाला त्या नावाची हद्द किंवा व्याप्ती म्हणतात. इंग्रजी शब्द स्कोप. फंक्शनच्या आत जन्मलेले नाव स्थानिक असते. फंक्शन बोलावले की त्याला एक कोरा कागद मिळतो. त्यावर फी, गुण, रक्कम ही नावे लिहिली जातात. उत्तर परत दिले की तो कागद काढून टाकला जातो. पुन्हा बोलावले की पुन्हा नवा कागद. मागील अर्जाचे गुण चुकून पुढील अर्जाला लागण्याची भीती त्यामुळे राहत नाही.

फंक्शनच्या आत एखादे नाव वाचावयाचे असेल तर पायथन ते चार ठिकाणी, आतून बाहेर अशा क्रमाने शोधतो. प्रथम त्याच फंक्शनमध्ये. तेथे नसल्यास त्याला वेढणाऱ्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, असे फंक्शन असेल तर. मग संपूर्ण फाइलच्या पातळीवर. आणि शेवटी भाषेने जन्मतःच दिलेल्या नावांत. जेथे प्रथम सापडेल तेथे शोध थांबतो. यावरून विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या गोंधळाचा उलगडा होतो. पायथनमध्ये बेरीज करणारे ‘सम’ नावाचे तयार फंक्शन आहे. विद्यार्थी फाइलमध्ये आपल्या बेरजेलाच ‘सम’ असे नाव देतो. त्यापुढे खरे ‘सम’ बोलावले की ते चालत नाही, कारण शोध चौथ्या ठिकाणी पोचण्यापूर्वीच तिसऱ्या ठिकाणी थांबतो.

जाता जाता एक भेद सांगितला पाहिजे. सी व जावा ह्या भाषांत महिरपी कंसांत घातलेल्या प्रत्येक भागाला स्वतःची हद्द असते. पायथनमध्ये ‘जर’ किंवा फेऱ्यांच्या ओळींना वेगळी हद्द नसते. म्हणूनच वरच्या उदाहरणात ‘जर’च्या आत जन्मलेली रक्कम शेवटच्या ओळीला दिसली.

४. बाहेरच्या नावाला हात लावताना

बाहेरचे नाव आतून वाचता येते, हे आपण पाहिले. ते आतून बदलता येते काय? पुढील उदाहरण पाहा.

शिल्लक = ५००००
फंक्शन वाटप(रक्कम):
    शिल्लक = शिल्लक − रक्कम
वाटप(४०००)

येथे पायथन चूक दाखवून थांबतो. नवशिक्याला हा अन्याय वाटतो, कारण शिल्लक तर वर स्पष्ट लिहिलेली आहे. परंतु नियम असा आहे की, फंक्शनमध्ये कोठेही एखाद्या नावाला किंमत दिलेली असेल तर ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक ठरते. हा निर्णय ओळ चालण्यापूर्वीच झालेला असतो. तेव्हा उजवीकडची शिल्लक हीसुद्धा आतलीच शिल्लक होते, आणि तिला तर अजून किंमतच मिळालेली नाही. बाहेरची वही शाबूत राहावी म्हणून भाषेने घातलेला हा अडसर आहे.

हा अडसर काढण्याची किल्लीही भाषेने दिली आहे. फंक्शनच्या आरंभी ‘ग्लोबल शिल्लक’ असे लिहिले की बाहेरचीच शिल्लक बदलते आणि प्रोग्राम चालू लागतो. पुष्कळ विद्यार्थी येथेच समाधान मानतात. पण पुढे काय होते पाहा. वाटप(४०००) एकदा बोलावले, शिल्लक ४६००० झाली. नंतर कोणी ‘हे फंक्शन नीट चालते ना’ एवढेच पाहण्यासाठी ते पुन्हा बोलावले. शिल्लक ४२००० झाली. तिजोरीतून ४००० गेले आणि वहीत ८००० गेले. बोलावणाऱ्या ओळीत शिल्लक हा शब्दसुद्धा नाही. मग चूक शोधावी कोठे? फाइल हजार ओळींची असेल आणि दहा फंक्शने तीच शिल्लक बदलत असतील, तर एका चुकीच्या आकड्यासाठी दहाही फंक्शने तपासावी लागतात.

आता हेच काम दुसऱ्या रीतीने करू.

फंक्शन उरलेली(जमा, रक्कम):
    परत दे जमा − रक्कम
शिल्लक = उरलेली(शिल्लक, ४०००)

हे फंक्शन शंभर वेळा तपासून पाहिले तरी वहीतील आकडा हलत नाही. आकडा हलतो तो फक्त शेवटच्या ओळीत, आणि ती ओळ तसे उघड सांगते. जे हवे ते पॅरामीटरमधून मागून घ्यावे आणि जे झाले ते उत्तर म्हणून परत द्यावे, हा ह्या लेखाचा सारा मथितार्थ आहे. जुन्या मुनीमजींना हे नवे वाटणार नाही. व्हाउचरशिवाय पैसे नाहीत आणि पावतीशिवाय जमा नाही, ह्याच शिस्तीचे हे दुसरे रूप होय.

बाहेरचे नाव कधीच वापरू नये असा मात्र याचा अर्थ नाही. जी किंमत सर्वांना सारखी आहे आणि कोणी बदलावयाची नाही, उदाहरणार्थ गुणांची ६० ही मर्यादा, ती फाइलच्या वरच्या भागात एकदाच लिहून सर्व फंक्शनांनी वाचणे योग्यच आहे.

५. यादीची गोष्ट वेगळी

येथपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला एक धक्का बसण्याचा संभव असतो. अर्जदारांची यादी एखाद्या फंक्शनला दिली, आणि फंक्शनने आपल्या आतल्या नावाने तीत एक अर्ज जोडला, तर बाहेरची यादीही बदललेली दिसते. मग हद्दीचा नियम मोडला काय?

नियम मोडलेला नाही. हद्द ही नावाला असते, वस्तूला नसते. फंक्शनला यादी देताना यादीची नक्कल दिली जात नाही. त्याच यादीला आत एक दुसरे नाव मिळते. आतल्या नावाला नवी यादी दिली तर बाहेरची यादी जशीच्या तशी राहते. परंतु आहे त्याच यादीत काही जोडले किंवा खोडले, तर वस्तू एकच असल्यामुळे बदल दोन्हीकडे दिसतो. संख्येच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण संख्येत काही जोडता किंवा खोडता येत नाही. नवी संख्याच करावी लागते.

हाती आलेली यादी ही अमानत समजावी. बदल करावयाचा असेल तर प्रथम तिची नक्कल करावी, नकलेत बदल करावा आणि ती परत द्यावी. मूळ यादीच बदलणे हेच फंक्शनचे काम असेल, तर ते त्याच्या नावावरून स्पष्ट कळले पाहिजे.

६. हे नियम आले कोठून?

केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक हा संगणक १९४९ च्या मे महिन्यात प्रथम चालला. तेथे डेव्हिड व्हीलर यांच्यापुढे प्रश्न होता की, एकदा लिहिलेले काम अनेक ठिकाणांहून बोलावले तर ते संपल्यावर परत कोठे जावे? त्यांनी अशी युक्ती योजली की, बोलावणाऱ्याने आपला पत्ता सोबत द्यावा, आणि कामाने आरंभीच त्या पत्त्यावर परत जाण्याची आज्ञा स्वतःच्या शेवटी लिहून ठेवावी. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९५१ साली निघाला.

पुढे परतीचा पत्ता आणि स्थानिक नावे एकाच कागदावर ठेवून, असे कागद एकावर एक रचण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांत वरचा कागद चालू फंक्शनचा. ते संपले की तो कागद उचलला जातो आणि खालचा उघडा पडतो. परतीचा पत्ता आणि स्थानिक नावे एकाच कागदावर असल्यामुळेच, सी सारख्या भाषेत फंक्शन परतले की स्थानिक नावेही संपतात. आपले दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे आरंभी म्हटले त्याचा हा पुरावा.

नावांच्या हद्दीचे नीटस नियम आल्गॉल ६० ह्या भाषेने घालून दिले. पीटर नाउर यांनी संपादिलेला तिचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ फंक्शन कोठे लिहिले आहे यावरून ठरवावा, असा तो दंडक. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेच्या आरंभीच्या रूपांत मात्र फंक्शन कोणी बोलावले यावरून अर्थ ठरे. त्यामुळे एकच फंक्शन बोलावणाऱ्यागणिक वेगळे वागू शके. १९७५ साली ससमन आणि स्टील यांनी स्कीम ही लिस्पचीच बोली रचताना आल्गॉलचा दंडक स्वीकारला. पायथनमध्येही आतल्या फंक्शनला वेढणाऱ्या फंक्शनची नावे दिसू लागली ती २००१ सालापासून.

७. एका खोट्या उत्तराची किंमत

परत येणारी किंमत हा एक दाखला असतो. बोलावणारा तो डोळे मिटून खरा मानतो. दाखला खोटा निघाला तर काय होते, हे २०१४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅपल कंपनीच्या फोन व संगणकांच्या बाबतीत दिसून आले.

समोरचे संकेतस्थळ खरोखर तेच आहे ना, हे त्याच्या सहीवरून पडताळणारे सी भाषेतील एक फंक्शन तेथे होते. सर्व ठीक असल्यास शून्य आणि चूक असल्यास दुसरी संख्या परत द्यावी, असा त्याचा संकेत. प्रत्येक पायरीनंतर ‘चूक असेल तर शेवटाकडे जा’ अशी ओळ होती. त्यांपैकी ‘शेवटाकडे जा’ एवढा भाग एके ठिकाणी दोनदा लिहिला गेला. पहिल्यापुढे ‘जर’ होता. दुसरा मोकळाच राहिला. त्यामुळे चूक नसतानाही प्रोग्राम शेवटाकडे उडी मारी आणि सहीची खरी तपासणी होतच नसे. चुकीचा आकडा ज्या चलात ठेवावयाचा त्यात मागील पायरीचे शून्य तसेच होते. तेच परत दिले जाई. म्हणजे सही न पाहताच ‘सही बरोबर’ असा दाखला मिळे. त्याच जाळ्यावर टपून बसलेल्या लबाडाला खऱ्या संकेतस्थळाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले. फोनसाठी दुरुस्ती २१ फेब्रुवारी २०१४ रोजी निघाली, संगणकांसाठी त्यानंतर काही दिवसांनी.

यातून घ्यावयाचा धडा असा की, जेथे होकार महत्त्वाचा आहे तेथे आरंभी उत्तर ‘नाही’ असे धरावे, आणि सर्व तपासण्या पार पडल्यावरच ते ‘होय’ करावे. मग एखादी पायरी वगळली गेली तरी उत्तर सुरक्षित बाजूलाच राहते. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर करणारे साधे फंक्शन लिहितानाही हाच क्रम ठेवावा.

स्वाध्याय

१. ‘फंक्शन दुप्पट(क्ष): क्ष = क्ष × २’ असे लिहून ‘य = दुप्पट(५)’ असे बोलावले. य ची किंमत काय?

२. बाहेर ‘दर = १०’ आहे. फंक्शनमध्ये ‘दर = २०’ लिहून ‘परत दे दर’ असे सांगितले. फंक्शन बोलावल्यावर परत काय येते, आणि बाहेर दर किती राहतो?

३. एका फंक्शनने दिलेल्या यादीतील पहिले नाव खोडले आणि काहीही परत दिले नाही. बाहेरची यादी बदलते काय?

उत्तरे : (१) ‘नन’, म्हणजे काही नाही, कारण ‘परत दे’ ही ओळच नाही. (२) परत २० येतात. बाहेर दर १० च राहतो. (३) बदलते, कारण नाव वेगळे असले तरी यादी एकच आहे.

ही तीन उदाहरणे मुलांनी संगणकावर स्वतः चालवून पाहावीत. मात्र चालविण्यापूर्वी अपेक्षित उत्तर कागदावर लिहावे. ते आणि पडद्यावरचे उत्तर जुळले नाही, तर जेथे ते वेगळे पडले तेथून हा लेख पुन्हा वाचावा. पालकांनी मुलांना एवढेच विचारावे की, ‘तुझे फंक्शन काय मागते आणि काय परत देते?’ ह्या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला एका वाक्यात देता येते, त्याला हा विषय समजला असे खुशाल मानावे.